खड्डा काढून टाकणे

सातवीच्या पटावर एकोणीस, गेल्या वर्षी तेवीस.
हे उदाहरण मी फळ्यावर घेत नाही.

फळ्यावर आडवी रेघ, मधोमध शून्य,
उजवीकडे धन, डावीकडे ऋण.
भिंतीपलीकडे कन्नड शाखेत हिरेमठबाईंचा तास,
तिथूनही तेच शब्द येतात: धन, ऋण, पूर्णांक.
फक्त शून्याला ती पोरं सोन्ने म्हणतात,
आणि आमचा मष्णूही हल्ली हळूच तसंच म्हणतो,
कारण ऐकायला ते सोन्यासारखं लागतं.

बेरीज चालत चालत झाली.
व्हरांड्याच्या फरश्यांवर खडूनं आकडे लिहिले,
भागव्वा उणे चारवरून सहा फरश्या पुढं आली,
दोनवर थांबली. टाचेनं दोन पुसला गेला.
इथवर सगळे खूश.

मग दोन वजा, कंसात उणे तीन.
मी म्हटलं, "उण्यातून उणं गेलं की अधिक होतं,"
आणि माझ्याच कानाला ऐकू आलं,
नंदगडच्या शाळेत मलाही असंच सांगितलं होतं,
याच घाईनं, पान उलटता उलटता.

सटुप्पा उठला. उणेकडं तोंड केलं,
तीन फरश्या मागं मागं गेला, पाचावर पोचला.
"आलो गुर्जी. खरं का आलो ते कळंना."

थंडीचा दाखला दिला. पण उणे तीनची थंडी
इथं कुणी अंगावर घेतलीय?
जांबोटीच्या धुक्यातही पारा शून्याच्या वरच असतो.
पुस्तकात लिफ्टचं चित्र आहे, तळघरासकट.
लिफ्टमध्ये बसलेली एकटी फरीदा,
बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात,
आणि तिथं ती नुसती वर गेली होती.

"खड्डा," मागच्या बाकावरून कस्तुरी कुंभार म्हणाली.
महिन्याभरात तिचा हा पहिला शब्द.
"कौलांना आमी माती काढताव न्हवं,
एक बुट्टी काढली की एक बुट्टीचा ढीग
आनि एक बुट्टीचा खड्डा. दोनी एकदमच हुतंय."

आम्ही मैदानात गेलो. बागेतलं खुरपं, पोषण आहाराची बुट्टी.
तिनं सपाट जमीन दाखवली: "ह्ये शून्य."
तीन बुट्ट्या खणल्या. तीन ढीग, तीन खड्डे.
"अजून शून्यच हाय. नुसतं हिकडचं तिकडं."
शेजारी दोन ढीग आधीचे, ते आमचे दोन.
"आता गणित म्हणतंय, उणे तीन काढून टाका.
खड्डा काढून टाकायचा म्हंजे काय? उचलून न्यायचा?"
"बुजवायचा!" सटुप्पा ओरडला.
"ढिगातली माती घ्याची न्हाई खरं. भायेरनं आणाची."

पोरं धावली. मातीच्या तीन बुट्ट्या आल्या,
खड्डे बुजले, वर पाय आपटून झाले.
ढीग मोजले. पाच.
सटुप्पानं परत मोजले, बोट लावून, जणू कुणीतरी फसवतंय.

आवाज ऐकून हिरेमठबाई बाहेर आल्या.
"एन नडदैत्री, सर?"
"ऋण काढतोय," मी म्हटलं, आणि थांबलो.
आमच्या घरी ऋण काढणं म्हणजे उसनं घेणं.
गणितात काढून टाकणं.
बाईंना दोन्ही अर्थ कळले असावेत, त्या हसल्या.
मग हसायच्या थांबल्या.

त्यांच्या खिडकीखालच्या अबोलीच्या वाफ्यात
तीन बुट्ट्यांचा खड्डा होता.

मष्णू भरमाच्या मागं लपला.
कस्तुरी पायानं खुरपं मागं सरकवत राहिली.
घंटा झाली, कुणी हललं नाही.
सटुप्पा वाफ्याशी जाऊन उकिडवा बसला,
खड्ड्यात हात घालून खोली बघितली.

"गुर्जी, ह्ये उणे तीन
कुणाच्या वहीत लिवायचं?"